धावपट्टी आणि तिचे सोयरे

मनालीहून लेहला जाणाऱ्या बसने मी पहिल्यांदा लडाखला गेलो, ते १९९४ च्या जुलैमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी सरचूच्या पठारावर गाडी चहाला थांबली. चौदा हजार फुटांची उंची, डोके जड झालेले, आणि रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कापडाचे चार-पाच गोल तंबू. आत शिरलो तर मधोमध एक खांब, त्यावरून चहूकडे उतरलेले पातळ कापड आणि त्यातून झिरपणारा दुधाळ उजेड. चहा देणाऱ्या बाईंना मी हिंदीत विचारले, "हे कापड कुठून आणता?" त्यांनी एक बोट वर केले आणि म्हणाल्या, "ऊपर से गिरता है, साब." सगळे हसले, मीही हसलो. मग कापडाच्या शिवणी नीट पाहिल्यावर लक्षात आले, की आपण एका जुन्या पॅराशूटखाली बसून चहा पीत आहोत.

मोटारसायकलवरून लडाखची वारी करून आलेल्या मराठी तरुणांना हे तंबू आता चांगलेच परिचयाचे आहेत. ‘पॅराशूट टेन्ट’ हे त्यांचे नावच पडून गेले आहे. विमानातून रसद टाकण्यासाठी वापरलेली पॅराशूटे निकामी झाली, की हस्ते-परहस्ते बाजारात येतात आणि कुणाच्या तरी संसाराचे छप्पर होतात. बाईंचे उत्तर गमतीचे होते खरे. पण लडाखी माणसाच्या आयुष्यात गेली पाऊणशे वर्षे आकाशातून काय काय उतरले, याचा विचार करू लागलो तेव्हा त्या उत्तराचे वजन कळले. सैनिक उतरले, रणगाडे उतरले, औषधे उतरली, टपाल उतरले आणि भर हिवाळ्यात टोमॅटोही उतरले.

लष्करी तळ आणि शेजारचे गाव यांच्या नात्याविषयी आपण एरवी दोनच प्रसंगी बोलतो. एक तर प्रजासत्ताक दिनी अभिमानाने, नाही तर जमिनीचा वाद निघाला की तक्रारीने. लेहच्या हवाई तळाची गोष्ट या दोन्ही चौकटींत बसत नाही, कारण तेथील पहिली धावपट्टी गावकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधली. आज लडाखमध्ये बोगदे होत आहेत, रस्ते रुंद होत आहेत आणि त्याच वेळी तेथील माणूस अस्वस्थही आहे. अशा वेळी या सोयरिकीचा हिशेब एकदा नीट मांडायला हवा, असे मला वाटते.

फावडी आणि डाकोटा

१९४८ च्या सुरुवातीला लेहची अवस्था बिकट होती. पाकिस्तानातून आलेले हल्लेखोर सिंधूच्या खोऱ्यातून वर सरकत होते, आणि लेहमध्ये त्यांना अडवील अशी फौज नव्हती. फेब्रुवारीत, ऐन बर्फात, मेजर पृथी चंद यांच्या नेतृत्वाखाली चाळीसएक स्वयंसेवकांची तुकडी झोजी ला ओलांडून पायी निघाली आणि मार्चमध्ये लेहला पोहोचली. त्यांच्याबरोबर सोनम नोर्बू हे लडाखी अभियंता होते. त्यांच्याकडे सोपवलेले काम असे, की सिंधूकाठच्या पठारावर विमान उतरेल एवढी जागा सपाट करून द्यायची.

यंत्रे नव्हतीच. गावातली माणसे, बाया, पोरे कामाला लागली. दगड वेचले, खड्डे भरले, माती दाबली, आणि काही आठवड्यांत धावपट्टी तयार झाली. २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी त्या धावपट्टीवर डाकोटा उतरवले. विमानात जनरल थिमय्या होते. हिमालयाच्या रांगा ओलांडण्यासाठी डाकोटा बनवलेलेच नव्हते. मार्गाचा धड नकाशा नाही आणि उतरायची जागा जवळजवळ अकरा हजार फुटांवर! पुढच्या दिवसांत याच वाटेने गुरखा सैनिक आले आणि लेह वाचले.

त्या पहिल्या विमानाची एक कथा लेहमध्ये हमखास ऐकायला मिळते. मी ज्या घरी उतरलो होतो तेथील आजोबांनी, ‘मेमे-ले’ असे तेथे आजोबांना आदराने म्हणतात, मला ती शेकोटीपाशी सांगितली. आकाशातून एवढा मोठा प्राणी आला, लांबून आला म्हणजे दमला असणार, भुकेला असणार, म्हणून गावच्या बायकांनी त्याच्यासाठी गवताचे भारे आणून ठेवले! "मेमे-ले, हे खरं का?" असे मी विचारले. ते म्हणाले, "माझ्या आईनं सांगितलं. आई खोटं कशाला बोलेल?" कथा खरी असो वा रचलेली, तिच्यातला भाव मात्र खोटा नाही. दाराशी आलेल्याला आधी खाऊ घालावे, ही त्या गावाची रीत. विमानाला लेहने पाहुण्यासारखे वागवले.

दुसरे टोक चंदीगडला

हवाई रसदीचा तळ म्हटले की एकच विमानतळ डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात त्याला नेहमी दोन टोके असतात. लेहचे दुसरे टोक चंदीगडला आहे. तेथून उडालेले विमान तासाभराच्या आत लेहला पोहोचते. हेच अंतर रस्त्याने दोन दिवसांचे, आणि बर्फ पडले की महिनोन्‌महिने नसल्यातच जमा, अशी स्थिती अगदी अलीकडेपर्यंत होती.

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चीनचे आक्रमण झाले तेव्हा या जोडीचे महत्त्व देशाला कळले. चंदीगडहून अँटोनोव्ह-१२ विमानांनी सहा एएमएक्स-१३ रणगाडे चुशूलला नेले. रणगाड्याच्या वजनाने विमानाची जमीन फाटू नये म्हणून खाली लाकडी फळ्या अंथराव्या लागल्या होत्या. त्या काळातल्या पॅकेट विमानांना विरळ हवेत जोर कमी पडे. तेव्हा बंगळुरूच्या आपल्या अभियंत्यांनी त्यांच्या पाठीवर एक जादा जेट इंजिन बसवून दिले. पुढे १९८४ मध्ये एएन-३२, १९८५ मध्ये आयएल-७६, २०११ मध्ये सी-१३०जे आणि २०१३ मध्ये प्रचंड सी-१७ अशी विमाने येत गेली.

विमाने बदलली तरी पर्वत तेच राहिले. लेहच्या धावपट्टीची उंची ३,२५६ मीटर. हवा विरळ असल्याने पंखांना आधार कमी मिळतो आणि इंजिनाचा दमही कमी पडतो. म्हणून मैदानात जेवढे ओझे उचलता येते तेवढे घेऊन येथून उडता येत नाही. ऊन चढले की हवा आणखी विरळ होते, दुपारी खोऱ्यात वारे सुटतात. त्यामुळे येथील वाहतूक मुख्यतः सकाळची. एका बाजूला डोंगर इतके जवळ आहेत, की उतरायचे एका दिशेने आणि उडायचे उलट दिशेने. स्पितुकच्या टेकडीवरच्या मठातून हे सारे दिसते. खाली विमाने, वर प्रार्थनेचे ढोल. लामांना त्या आवाजाचे आता काही वाटत नाही.

या वाटेने किंमतही वसूल केली आहे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेले एएन-१२ विमान खराब हवामानामुळे माघारी वळले आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. त्यात १०२ जण होते. २००३ मध्ये गिर्यारोहकांना हिमनदीवर पहिले अवशेष सापडले. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी, आणखी चार जवानांचे देह हाती आले. ज्यांच्या घरी इतकी वर्षे वाट पाहिली गेली, त्यांच्यासाठी ‘हवाई रसद’ हा शब्द लष्करी परिभाषेतला उरत नाही.

मराठी घरांनाही ही वाट ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी दिल्लीहून गोवा एक्स्प्रेसने येताना समोरच्या बाकावर साताऱ्याकडचा एक जवान होता, सुट्टीवर निघालेला. लेहहून चंदीगडला येणाऱ्या विमानासाठी त्याला चार दिवस थांबावे लागले होते. "काका, सकाळी सामान बांधून बसायचं, अकरा वाजले की पुन्हा सोडायचं," तो हसत सांगत होता. "वारं सुटलं की विमान नाय. घरी आई म्हणती, येतो म्हणालास आणि कुठं ऱ्हायलास?" आपल्या कितीतरी गावांतल्या आया लेहचे हवामान असे लांबून सोसत आल्या आहेत.

देणे आणि घेणे

तळाने गावाला काय दिले, याची यादी मोठी आहे. रस्ते बंद असताना कारगिलहून जम्मू, श्रीनगर, चंदीगडकडे जाणारी हवाई दलाची एएन-३२ सेवा लोकांना ‘कारगिल कुरिअर’ म्हणून माहीत आहे. या विमानात बसणारे पर्यटक नसतात. परीक्षेला निघालेला विद्यार्थी, दवाखान्यात न्यायची म्हातारी, दुसऱ्या टोकाला अडकलेला घरचा कर्ता माणूस, असे ते प्रवासी. ५ ऑगस्ट २०१० च्या मध्यरात्री लेहवर ढगफुटी झाली, दोनशेहून अधिक माणसे गेली. रस्ते तुटले होते, दूरध्वनी बंद होते. तेव्हा मदत आली ती याच धावपट्टीवर. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत इराणमध्ये अडकलेल्या भारतीयांची पहिली ५८ जणांची तुकडी हवाई दलाच्या सी-१७ ने हिंडनला आणली. त्यात बहुसंख्य लडाखचे यात्रेकरू होते.

पण गावाने तळाला काय दिले, हे फारसे कुणी मोजत नाही. धावपट्टीची गोष्ट आपण पाहिलीच. त्याच १९४८ मध्ये नुब्रा खोऱ्यातला चेवांग रिनचेन हा सतरा वर्षांचा मुलगा गावकऱ्यांची पलटण घेऊन लढला आणि महावीरचक्राचा मानकरी झाला. १९७१ मध्ये तेच पदक त्याला दुसऱ्यांदा मिळाले. १९६३ मध्ये उभ्या राहिलेल्या लडाख स्काउट्सला कारगिल युद्धातील कामगिरीनंतर, २००० मध्ये, स्वतंत्र रेजिमेंटचा दर्जा मिळाला. विमान माल आणून टाकते. तो पुढे खांद्यावर, याकावर, खेचरावर वर नेणारे पुष्कळसे हात लडाखीच असतात.

आणि भाजीची गोष्ट तर मला सगळ्यांत मोलाची वाटते. चीन युद्धाच्या वर्षी, १९६२ मध्ये, संरक्षण खात्याने लेहमध्ये एक छोटी प्रयोगशाळा काढली. आज ती संरक्षण संशोधन संस्थेची उच्च पर्वतीय प्रयोगशाळा म्हणून ओळखली जाते. प्रश्न साधा होता: जवानाला ताजी भाजी हवी, आणि चंदीगडहून विमानाने आणलेली कोबी सोन्याच्या भावात पडते. तेव्हा ती येथेच पिकवता येईल का? त्या काळी लडाखी शेतात जव, वाटाणा, सलगम, बटाटा अशी मोजकी पिके होती. शास्त्रज्ञांनी बियाणे पारखले, जमिनीत चर खणून त्यावर पारदर्शक आच्छादन घालायची पद्धत बसवली, म्हणजे उणे तापमानातही पालेभाजी तग धरते. शेतकऱ्यांनी ती उचलली. त्यांच्या सहकारी संस्था झाल्या आणि लष्कराला भाजी पुरवू लागल्या.

यात कोणी कोणावर उपकार केले? जेवढी कोबी लेहच्या शेतात पिकली, तेवढी विमानात जागा मोकळी झाली; त्या जागेत औषध गेले, दारूगोळा गेला, इंधन गेले. शेतकऱ्याच्या घरी रोख पैसा आला, आणि हिवाळ्यात नुसत्या सुक्या सलगमावर राहणाऱ्या मुलांच्या ताटात हिरवे काही दिसू लागले. सहकाराचे धडे गिरवलेल्या महाराष्ट्राला हे गणित समजावून सांगायला नको. दोघांच्याही गरजेची नस सापडली, की नाते भाषणांशिवाय टिकते.

शेजाराच्या कुरबुरी

सगळेच गोड आहे, असे मात्र नाही. लेहचा विमानतळ हवाई दलाचा; नागरी प्रवासी त्यातल्या एका कोपऱ्यात पाहुणे. लष्कराच्या कामाला अग्रक्रम, आणि तो असायलाही हवा. पण हिवाळ्यात हवा बिघडून नागरी उड्डाणे रद्द झाली, तिकिटांचे दर गगनाला भिडले, की आजारी माणसाला घेऊन बसलेल्या घराला तो अग्रक्रम बोचतो. एका जानेवारीत मी स्वतः तीन दिवस असा अडकलो होतो. माझे काही अडले नव्हते. माझ्याजवळ बसलेल्या बाईंचे नवऱ्याचे शस्त्रक्रियेचे दिवस टळत चालले होते.

चंदीगडच्या टोकाला दुखणे वेगळे. तळाच्या भिंतीपासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी. पण झिरकपूरकडे शहर वाढत गेले, लोकांनी आयुष्याची पुंजी घालून घरे बांधली, आणि मग ती बेकायदा ठरली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. परवानग्या देताना डोळेझाक करणारे सुखरूप राहतात आणि घर मात्र सामान्य माणसाचे जाते, हा अनुभव पंजाबपुरता मर्यादित नाही. पुणेकरांना लोहगाव ठाऊक आहे. तेथेही धावपट्टी हवाई दलाची. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या दुरुस्तीसाठी चौदा दिवस विमाने बंद राहिली, तेव्हा आपल्या शहराची विमानसेवा कोणाच्या अंगणातून चालते याची अनेकांना प्रथमच जाणीव झाली. इमारतीच्या उंचीची बंधने आणि कचऱ्यावर घिरट्या घालणारे पक्षी, हे तेथलेही नेहमीचे प्रश्न आहेत.

गरज सरो

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. २०२० मध्ये गलवानच्या संघर्षानंतर हवाई दलाने पूर्व लडाखमध्ये ६८ हजारांहून अधिक जवान, ९० रणगाडे आणि नऊ हजार टन माल पोहोचवला, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. विमानाचे महत्त्व त्यातून पुन्हा सिद्ध झाले. मात्र त्याच काळात जमिनीवरचे चित्र झपाट्याने पालटत होते. ऑक्टोबर २०२० मध्ये रोहतांगखालचा अटल बोगदा खुला झाला. जानेवारी २०२५ मध्ये सोनमर्गचा बोगदा खुला झाला. झोजी लाखालून सुमारे तेरा किलोमीटरचा बोगदा खोदला जात आहे. जी खिंड पूर्वी निम्मे वर्ष बंद असे, ती २०२५ मध्ये अवघ्या ३२ दिवसांच्या खंडानंतर १ एप्रिलला पुन्हा सुरू झाली.

हे सगळे चांगलेच आहे. पण त्याचा एक परिणाम आपण लक्षात घेतलेला नाही. आजवर तळाला गावाची आणि गावाला तळाची गरज होती, म्हणून सोयरीक आपोआप निभली. बारमाही रस्ता झाला, की कोबी मैदानातून ट्रकने येईल, स्वस्त पडेल, आणि लेहच्या शेतकऱ्याची सहकारी संस्था एखाद्या निविदेत मागे पडेल. गावालाही एएन-३२ ची वाट पाहावी लागणार नाही. गरज सरली की काय होते, हे आपल्या म्हणीत सांगून ठेवलेलेच आहे.

आणि हे घडते आहे ते लडाखचे मन दुखावलेले असताना. २०१९ मध्ये लडाख केंद्रशासित झाला तेव्हा लेहमध्ये आनंद साजरा झाला होता. नंतर जमीन, नोकऱ्या आणि स्वतःच्या कारभारावरचा हक्क यांची काळजी वाढत गेली. राज्याचा दर्जा आणि सहाव्या अनुसूचीचे संरक्षण या मागण्या पुढे आल्या. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमधील आंदोलनाला हिंसक वळण लागले, जाळपोळ झाली, गोळीबार झाला आणि चार जण मृत्युमुखी पडले. त्यांपैकी एक जण लडाख स्काउट्समधून निवृत्त झालेला, कारगिल युद्धात लढलेला सैनिक होता. हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही. पण ज्याने सीमा राखली तो आपल्याच गावच्या रस्त्यावर गोळीने पडावा, ही गोष्ट आपण एक बातमी म्हणून वाचून पान उलटावे इतकी लहान नाही.

हवाई दल राजकारणात नसते आणि नसावे. मागण्यांचा निवाडा दिल्लीने आणि लडाखी प्रतिनिधींनी बसून करायचा आहे. पण तळ आणि गाव यांच्यापुरत्या काही गोष्टी त्याची वाट न पाहता करता येतील. बोगदे झाले तरी स्थानिक शेतकऱ्यांकडून होणारी खरेदी निव्वळ दराच्या तराजूत तोलू नये. लढाईच्या दिवसांत दरड कोसळून रस्ता तुटेल तेव्हा जवळचेच शेत कामाला येणार आहे. हिवाळ्यातल्या लष्करी विमानांत रुग्ण आणि विद्यार्थ्यांसाठी ठरावीक जागा असाव्यात, आणि त्या कोणाच्या ओळखीवर नव्हे तर जाहीर यादीने मिळाव्यात. धावपट्टी वाढवायची, नवी जमीन घ्यायची, तर गावाशी आणि पर्वतीय परिषदेशी आधी बोलावे. १९४८ मध्ये ज्यांनी न सांगता फावडे उचलले, त्यांच्या नातवंडांना निदान विचारावे तरी!

सीमेवरच्या संरक्षणाचा हिशेब आपण टनांत आणि विमानांच्या संख्येत करतो. विमान आकाशातून येते खरे, पण उतरते कोणाच्या तरी जमिनीवर. खाली उभा असलेला माणूस आपला असेल, तर धावपट्टी दगड वेचूनही होते. तो परका झाला तर काँक्रीटची धावपट्टीसुद्धा एकाकी पडते. १९४८ चा धडा मला तरी एवढाच दिसतो.

लेहच्या विमानतळाला आज कुशोक बकुला रिंपोछे यांचे नाव आहे. त्यांनी लामांची वस्त्रे न उतरवता लडाखचे म्हणणे संसदेत मांडले. आणि गावच्या सरकारी रुग्णालयाला नाव आहे सोनम नोर्बू यांचे, ज्यांनी ती पहिली धावपट्टी आखली. मागच्या खेपेला मी त्या रुग्णालयाच्या फाटकाशी उभा असताना एका तरुणाला विचारले, हे सोनम नोर्बू कोण? तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "ज्यांच्यामुळे तुम्ही विमानानं आलात, ते." मी त्याला ‘जुले’ केले. पुण्याला परतीच्या विमानात बसलो, तेव्हा धावपट्टीवरून चाके सुटेपर्यंत मी खिडकीतून खालची जमीनच पाहत होतो.